जुन्या ऑर्गनांचा ध्वनि आणि त्याची जपणूक

महोत्सवाच्या प्रसंगीं मागील पिढ्यांचें स्मरण करण्याची आपल्यांत चाल आहे. ज्यांनीं देवळाचा पाया घातला त्यांचीं नांवें आपण दफ्तरांतून शोधून काढतों. जुनीं छायाचित्रें पेटींतून बाहेर येतात. बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या वह्या चाळल्या जातात. परंतु एक गोष्ट कोणत्याही वहींत सांपडत नाहीं. पहिल्या नाताळच्या मध्यरात्रीं वेदीसमोर जें गायन झालें तें कसें ऐकूं आलें असेल? शब्द ठाऊक असतात, चालही ठाऊक असते. पण तो ध्वनि गेला तो गेलाच. दगड टिकतो, कागद टिकतो, ध्वनि मात्र जन्मतांच मरतो.

हाच प्रश्न विसाव्या शतकांत युरोपांतील वादकांस व विद्वानांस निराळ्या रीतीनें पडला. इ. स. १६०० पासून १७५० पर्यंतच्या सुमारास तिकडे जें संगीत रचलें गेलें त्यास बरोक संगीत असें नांव आहे. ल्यूबेकचा बुक्स्टेहूडे व लाइपत्सिकचा योहान सेबास्टियन बाख हे त्या काळचे थोर रचनाकार. त्यांच्या रचना स्वरलिपींत उतरलेल्या असल्यामुळें आजही वाचतां येतात. परंतु पाककृति वाचून जसें पोट भरत नाहीं, तसें स्वरलिपि वाचून कान तृप्त होत नाहींत. त्या रचना ज्या वाद्यांसाठीं लिहिल्या त्या वाद्यांचा आवाज कसा होता, आणि तीं वाद्यें आज कोठें आहेत, याचा शोध घेतां घेतां एक मोठा इतिहास उजेडांत आला. त्याचा थोडा परिचय वाचकांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. बाजाची पेटी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. भात्यानें तिच्यांत वारा भरतो, बोटानें पट्टी दाबली कीं तो वारा पितळेच्या पातळ पत्तीवरून जातो, पत्ती कांपते आणि सूर निघतो. संगीत नाटकांत जो पायानें भाता चालवावयाचा ऑर्गन असे तोही पत्तीचाच. युरोपांतील देवळांतला मोठा ऑर्गन मात्र नळ्यांचा असतो. प्रत्येक सुरासाठीं एक नळी, आणि प्रत्येक जातीच्या आवाजासाठीं नळ्यांची एक स्वतंत्र रांग. कांहीं नळ्या कथील व शिसें यांच्या मिश्रणाच्या, कांहीं लांकडाच्या; कांहीं बोटाएवढ्या, तर कांहीं दोन-तीन पुरुष उंचीच्या. ज्या रांगेचा आवाज हवा तिची खुंटी वादक बाहेर ओढतो. अशा रांगा लहान गांवीं दहा-बारा, तर मोठ्या शहरीं पन्नास-साठही असतात. वादक दोन्ही हातांनीं वरच्या पट्ट्या वाजवितो आणि पायांनीं खालच्या पट्ट्यांवर खर्जाचे सूर धरतो. विजेची सोय होण्यापूर्वीं मोठाले भाते चालविण्यास स्वतंत्र माणसें लागत.

सतराव्या व अठराव्या शतकांतील कारागिरांच्या ऑर्गनांत पट्टीपासून नळीच्या झांकणापर्यंत लांकडाच्या बारीक कांबी जोडलेल्या असत. त्यामुळें वादकाचें बोट जसें पडेल तसा वारा नळींत शिरे. वाऱ्याचा दाब बेताचा असे. चार स्वरपंक्ति एकाच वेळीं चालल्या तरी चारही निरनिराळ्या ऐकूं येत. एकोणिसाव्या शतकांत लोकांची आवड पालटली. ऑर्गन हा एकट्यानें वाजविण्याचा वाद्यवृंद व्हावा, त्याचा गडगडाट सर्व मंदिर हालवून सोडील असा असावा, अशी हौस निर्माण झाली. वाऱ्याचा दाब वाढला. लांकडी कांबींच्या जागीं वाऱ्याच्या नलिका व पुढें विजेच्या तारा आल्या. जुने ऑर्गन जुनाट ठरले. कित्येक मोडीत विकले गेले, कित्येकांच्या नळ्या वितळविल्या गेल्या. आणि हें सर्व सुधारणा या गोड नांवाखालीं झालें.

या प्रवाहाविरुद्ध ज्यांनीं प्रथम आवाज उठविला त्यांत आल्बेर्ट श्वाइट्झर यांचें नांव प्रमुख आहे. आफ्रिकेंत लांबारेने येथें रोग्यांची सेवा करणारे डॉक्टर म्हणून जग त्यांस ओळखतें, आणि १९५२ सालचें शांततेचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. परंतु आल्सास प्रांतांतील प्रॉटेस्टंट पाळकाचे हे पुत्र निष्णात ऑर्गनवादकही होते. १८९६ सालीं स्टुटगार्ट शहरीं एक नवा व गाजलेला ऑर्गन ऐकून त्यांची निराशा झाली. बाखच्या स्वरपंक्ति उमटण्याऐवजीं नादाच्या गोंधळांत बुडून गेल्या होत्या. १९०६ सालीं त्यांनीं जर्मन व फ्रेंच ऑर्गनबांधणीवर एक पुस्तिका लिहिली, आणि जुना ऑर्गन मोडूं नका, तो दुरुस्त करून ठेवा, असें ठिकठिकाणच्या मंडळींस ते विनवूं लागले.

परंतु एका देवळांत असलेला ऑर्गन जगानें ऐकावा कसा? त्या कामीं ध्वनिमुद्रण उपयोगी पडलें. जुन्या भोंग्याच्या यंत्रांत ऑर्गनाचा खोल खर्ज उतरत नसे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनाच्या साह्यानें विजेवर मुद्रण होऊं लागलें, तेव्हां तें कांहीं अंशीं शक्य झालें. त्या काळच्या तबकड्यांत लाख घालीत. आणि ती लाख मुख्यतः आपल्याच देशांतील रानांतून, पळस, कुसुंब व बोर या झाडांवरील किड्यांपासून मिळे. बाखचे स्वर युरोपांत घरोघर पोहोंचले ते हिंदुस्थानच्या लाखेवर कोरले जाऊन, ही गोष्ट आपल्यांतील फार थोड्यांस ठाऊक असेल. मोठ्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें साडेचार मिनिटेंच मावत, त्यामुळें लांब रचना मध्येंच तोडावी लागे. तरीही १९३५ सालीं श्वाइट्झर यांनीं लंडनच्या टॉवरजवळील ऑल हॅलोज या देवळांत, व १९३६ सालीं स्ट्रासबुर्गच्या सेंट ऑरेली या देवळांत बाखच्या अनेक रचना मुद्रित केल्या. स्ट्रासबुर्गचा तो ऑर्गन आंड्रेआस झिल्बरमान या कारागिरानें १७१८ सालीं बांधलेला होता. पुढें डिसेंबर १९४० मध्यें ऑल हॅलोजवर बॉम्ब पडून तें देऊळ जळालें व तेथील ऑर्गनही गेला. पांच वर्षांपूर्वींच्या तबकड्या तेवढ्या राहिल्या. ध्वनिमुद्रण हेंही एक दफ्तर आहे, हें अशा प्रसंगांनीं लोकांस कळूं लागलें.

आतां ल्यूबेक शहराकडे वळूं. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याजवळील या व्यापारी नगरांत मारीएनकिर्खे, म्हणजे पवित्र मरियेचें मंदिर आहे. त्या मंदिरांत १६६८ पासून १७०७ पर्यंत बुक्स्टेहूडे ऑर्गनवादक होता. त्याचें वादन ऐकण्यासाठीं वीस वर्षांचा बाख १७०५ सालच्या शरदांत आर्नश्टाट गांवाहून निघाला व सुमारें चारशें किलोमीटरांची वाट चालून ल्यूबेकला गेला. चार आठवड्यांची रजा घेऊन गेलेला हा तरुण सुमारें चार महिन्यांनीं परतला, आणि वरिष्ठांनीं त्यास त्याबद्दल जाब विचारला. गुरूच्या शोधांत पायपीट करणाऱ्या शिष्यांच्या कथा आपल्याकडेही आहेत. त्यांत ही एक शोभून दिसेल.

१९४२ सालीं झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रात्रीं, म्हणजे २८ व २९ मार्चच्या मधल्या रात्रीं, ल्यूबेकवर विमानांनीं आग ओतली. मारीएनकिर्खे जळालें. बुक्स्टेहूडेचा मोठा ऑर्गन पूर्वींच बदलला गेला होता. परंतु त्याच मंदिरांतील दुसरा, मृत्युनृत्याच्या चित्रांमुळें त्या नांवानें ओळखला जाणारा पुरातन ऑर्गन त्या रात्रींपर्यंत टिकून होता. तो राख झाला. बुरुजावरील घंटा खालीं कोसळून फुटल्या. त्या आजही पडल्या जागींच ठेवलेल्या आहेत आणि येणारा-जाणारा त्यांजपाशीं थांबून प्रार्थना करतो.

थोड्याच अंतरावरील सेंट जेम्सचें मंदिर, याकोबीकिर्खे, त्या आगींतून वांचलें. तेथें भिंतीवर एक लहान ऑर्गन आहे. त्याचा गाभा पंधराव्या शतकांतील, म्हणजे त्या देवळांत जेव्हां लॅटिन मिस्सा होत असे त्या काळचा. आणि १६३६-३७ सालीं फ्रीड्रिख श्टेलवागेन या कारागिरानें त्यांत भर घातलेली. मोठें मंदिर गेलें, नामांकित ऑर्गन गेला, आणि लहान देवळांतील लहान ऑर्गन राहिला. १९४७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, ज्या महिन्यांत आपला देश स्वतंत्र झाला त्याच महिन्यांत, या लहान ऑर्गनापुढें एक अंध वादक येऊन बसला. त्याचें नांव हेल्मूट वाल्खा.

वाल्खा यांचा जन्म १९०७ सालीं लाइपत्सिक येथें झाला. लहानपणीं देवी काढल्या त्याच्या दुष्परिणामानें त्यांची दृष्टि अधू झाली, व एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास ती पूर्णपणें गेली. ज्या शहरांत बाखनें आयुष्याचीं शेवटचीं सत्तावीस वर्षें सेवा केली त्याच शहरांत ते ऑर्गन शिकले, आणि पुढें फ्रांकफुर्ट येथें देवळाचे वादक झाले. अंधास स्वरलिपि दिसावी कशी? त्यांची रीत अशी कीं दुसऱ्या कोणी, बहुधा त्यांच्या पत्नीनें, रचनेंतील एकेक स्वरपंक्ति स्वतंत्र वाजवून दाखवावी. ती त्यांनीं पाठ करावी. मग दुसरी, मग तिसरी. आणि शेवटीं सर्व पंक्ति मनांत एकत्र जुळवून वाद्यावर बसावें. चाळिशीच्या सुमारास बाखच्या ऑर्गनरचना त्यांस मुखोद्गत झाल्या होत्या. ज्यानें प्रत्येक पंक्ति वेगळी ऐकून आत्मसात केली, त्यास प्रत्येक पंक्ति वेगळी ऐकविणाराच ऑर्गन हवा, हें उघड आहे. डॉईचे ग्रामोफोन या कंपनीनें त्याच वर्षीं जुन्या संगीतासाठीं आर्खिव प्रोडुक्त्सिओन नांवाची स्वतंत्र शाखा काढली, आणि तिच्या आरंभींच्या कामांत ल्यूबेकचें हें मुद्रण होतें.

हें मुद्रण तबकडीवर थेट न कोरतां चुंबकीय फितीवर घेतलें गेलें. जर्मनींत १९३५ सालीं अशा यंत्राचें प्रदर्शन झालें होतें, आणि युद्धाच्या काळांत त्याचा आवाज फार सुधारला होता. फितीमुळें साडेचार मिनिटांचें बंधन तुटलें. वादक एका दमांत पूर्ण रचना वाजवूं लागला. ज्या विद्येनें बॉम्बफेकी विमानें आकाशांत उडविलीं तिच्याच दुसऱ्या एका फांदीनें, जळालेल्या शहरांत वांचलेला आवाज टिपून ठेवला.

मोठ्या रचनांसाठीं मात्र याहून मोठा ऑर्गन हवा होता. तो मिळाला कापेल नांवाच्या खेड्यांत. हें गांव उत्तर समुद्राच्या किनाऱ्याजवळ, ब्रेमरहाफेन व कुक्सहाफेन यांच्या मध्यें आहे. मंदिर संत पेत्र व संत पौल यांच्या नांवाचें. एवढ्याशा गांवीं तीस रांगांचा भव्य ऑर्गन कसा आला, याची कथा मनोरंजक आहे. हा ऑर्गन आर्प श्निटगर या विख्यात कारागिरानें १६८० सालीं हांबुर्गच्या सेंट जॉन मठाच्या मंदिरासाठीं बांधला. मूळचा हा मठ डॉमिनिकन साधूंचा. प्रॉटेस्टंट पंथ स्थापन झाल्यावर तेथें शाळा आली. श्निटगरनें काटकसरीनें जुन्या ऑर्गनांतील चांगल्या नळ्याही यांत वापरल्या, त्यामुळें यांतील कित्येक नळ्या १६८० च्याही पूर्वींच्या आहेत. नेपोलियनच्या काळीं फ्रेंच सैन्यानें हांबुर्ग व्यापलें, मंदिराचें लष्करी कोठार केलें, आणि ऑर्गन उतरवून ठेवावा लागला. इकडे १८१० सालीं कापेलचें देऊळ आगींत जळालें होतें. गांवकऱ्यांनीं देऊळ पुन्हा बांधलें, आणि नवा ऑर्गन घेण्याची ऐपत नसल्यानें १८१६ सालीं हांबुर्गचा जुना ऑर्गन विकत आणला.

पुढें काय घडलें हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पुढें विशेष कांहींच घडलें नाहीं! शहरांतील श्रीमंत देवळें दर पिढींत ऑर्गन बदलीत होतीं; कापेलच्या शेतकऱ्यांपाशीं तेवढा पैसा नव्हता. जो ऑर्गन होता तोच ते दुरुस्त करीत राहिले. सव्वाशें वर्षांनंतर तज्ज्ञांचें लक्ष तिकडे वळलें तेव्हां त्यांस आढळलें कीं श्निटगरच्या हातचें काम येथें जितकें अबाधित राहिलें आहे तितकें फार थोड्या ठिकाणीं असेल. १९५० व १९५२ सालीं वाल्खा यांनीं येथें बाखच्या मोठ्या रचना मुद्रित केल्या. पुढें त्यांनीं दुसरी मालिका १९५६ पासून १९७१ पर्यंत हॉलंडमधील आल्कमार व फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील जुन्या ऑर्गनांवर नव्या पद्धतीनें घेतली. परंतु कापेलच्या पहिल्या तबकड्या ज्यांनीं ऐकल्या त्यांचे कान बदलले. पुष्कळांस प्रथमच कळलें कीं बाख गडगडत नाहीं, बोलतो.

हांबुर्गच्या सेंट जेम्स मंदिरांतील ऑर्गनाची कथा याच्या उलट आहे. तोही श्निटगरचाच, १६९३ सालीं पुरा झालेला, साठ रांगांचा. १७२० सालीं बाखनें तेथील जागेसाठीं नांव दिलें होतें. पण ज्यास ती जागा मिळाली त्यानें देवळाच्या खजिन्यांत ४००० मार्क भरले. या प्रकारास वैतागून तेथील एका धर्मोपदेशकानें नाताळच्या प्रवचनांत म्हटलें कीं बेथलेहेमचा देवदूत जरी दिव्य वादन करीत आला तरी पैशाविना त्यास येथून परत उडून जावें लागेल, अशी आठवण एका समकालीन लेखकानें नोंदविली आहे. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, सरकारनें देवळांच्या घंटांबरोबर ऑर्गनांच्या दर्शनी नळ्याही कथिलासाठीं नेल्या. त्यांत या ऑर्गनाच्याही गेल्या. दुसऱ्या युद्धांत शहाण्या माणसांनीं वेळींच आंतील नळ्या व मुख्य पेट्या सुरक्षित जागीं हालविल्या, म्हणून त्या वांचल्या; लांकडी दर्शनी भाग मात्र मंदिराबरोबर नष्ट झाला. १९९३ सालीं, म्हणजे बरोबर तीनशें वर्षांनीं, युर्गेन आरेंड या कारागिरानें त्याचा जीर्णोद्धार पुरा केला. या ऑर्गनाचा सूर आजच्या ठरावीक सुरापेक्षां सुमारें एक स्वर उंच आहे. ज्या स्वरास आज सेकंदास ४४० कंपनें धरतात त्यास येथें सुमारें ४९५ आहेत. असली गोष्ट कोणत्याही छापील स्वरलिपींत दिसत नाहीं. ती नळीच सांगते.

आम्हां कॅथॉलिकांस विशेष जिव्हाळ्याची अशी एक कथा ड्रेस्डेन शहरची आहे. साक्सनीचा अधिपति १६९७ सालीं कॅथॉलिक झाला, आणि त्याच्या पुत्राच्या काळीं त्या प्रॉटेस्टंट प्रांताच्या राजधानींत भव्य कॅथॉलिक मंदिर उभें राहिलें. त्याचें पवित्रीकरण २९ जून १७५१ रोजीं झालें. याच राजपुत्रास, तो गादीवर आल्यावर, १७३३ सालीं बाखनें आपल्या लॅटिन मिस्सेचे पहिले दोन भाग, किरिए व ग्लोरिया, अर्पण केले होते. बाख ल्यूथरच्या पंथाचा. पण देवाच्या स्तुतीसाठीं त्यानें आपल्या मिस्सेचे शब्द घेतले, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. या मंदिराचा ऑर्गन गोटफ्रीट झिल्बरमान याचा शेवटचा व सर्वांत मोठा. स्ट्रासबुर्गचा जो आंड्रेआस वर आला, त्याचाच हा धाकटा भाऊ व शिष्य. १७५३ सालीं काम चालूं असतांच तो वारला. झाखारियास हिल्डेब्रांट यानें काम पुरें केलें, आणि १७५५ सालीं २ फेब्रुवारीस, मंदिरांत बाळ येशूच्या समर्पणाच्या सणीं, ऑर्गनास आशीर्वाद देण्यांत आला. रांगा ४७, नळ्या सुमारें ३०००.

१९४४ सालीं या ऑर्गनाच्या नळ्या व पेट्या उतरवून सेंट मारीएनश्टेर्न या जोगिणींच्या मठांत ठेवण्यांत आल्या. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्रीं ड्रेस्डेन पेटलें. मंदिर जळालें, ऑर्गनाचा रिकामा सांगाडा जळाला. पण मठांतील नळ्या सुखरूप राहिल्या. त्याच शहरांतील फ्राउएनकिर्खे या प्रॉटेस्टंट मंदिरांतही झिल्बरमानचाच ऑर्गन होता. १ डिसेंबर १७३६ रोजीं स्वतः बाखनें तो वाजविला होता. तो जागच्या जागीं राहिला, आणि दोन दिवसांनीं मंदिराचा घुमट कोसळला तेव्हां त्याबरोबर कायमचा गेला. एकाच कारागिराचे दोन ऑर्गन, एकच शहर, एकच संकट. एकाची वेळींच हालचाल झाली, दुसऱ्याची झाली नाहीं. मठांत ठेवलेल्या नळ्या पुढें नव्या सांगाड्यांत बसविल्या गेल्या आणि १९७१ सालीं पेंटेकॉस्टच्या सणीं तो ऑर्गन पुन्हा मिस्सेंत वाजला. झिल्बरमानचे तीसहून अधिक ऑर्गन आजही आहेत. पूर्व जर्मनीच्या एटेर्ना या तबकड्यांवर त्यांतील पुष्कळांचा आवाज जगास ऐकावयास मिळाला.

ऑर्गनाच्या बाबतींत हें शक्य झालें, याचें एक कारण तो जागचा हालत नाहीं. व्हायोलिनाचें तसें नाहीं. बरोक काळांतील बहुतेक व्हायोलिनांच्या माना पुढें बदलल्या, आंतील आधाराच्या काठ्या जाड केल्या, आणि आंतड्याच्या तातीच्या जागीं धातूच्या तारा आल्या. म्हणून जुना आकार परत देऊन, तात लावून, तीं पुन्हा वाजवावीं लागलीं. निकोलाउस हार्नोनकुर्ट यांनीं १९५३ च्या सुमारास व्हिएन्ना येथें अशा वादकांची मंडळी जमविली. १९७१ पासून त्यांनीं व हॉलंडच्या गुस्टाफ लेओनहार्ट यांनीं मिळून बाखच्या धार्मिक कांतातांची संपूर्ण मालिका जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर मुद्रित केली. त्या कामास जवळजवळ दोन दशकें लागलीं.

येथें एक आक्षेप घेण्यासारखा आहे, व तो प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. जुन्या ऑर्गनावर केलेलें मुद्रण म्हणजे जुना आवाज जसाच्या तसा, असें म्हणतां येईल काय? तसें म्हणतां येत नाहीं. तीनशें वर्षांत कित्येक हात त्या नळ्यांस लागले. कोणी तोंडें कापलीं, कोणी सूर हालविला. ल्यूबेकच्या ज्या ऑर्गनावर १९४७ सालीं मुद्रण झालें त्यांतही मागील दशकांत कांहीं भाग नव्यानें जोडलेला होता. पुढें १९७७-७८ सालीं त्याचा अधिक काळजीनें जीर्णोद्धार झाला. शिवाय बोटें विसाव्या शतकांतील, कानही विसाव्या शतकांतील. तबकडी भूतकाळ परत आणूं शकत नाहीं. परंतु जुन्या पोथीच्या पांच प्रति जुळवून पंडित जसा मूळ पाठाच्या जवळ जातो, तसे हे वादक एका ऑर्गनाची साक्ष दुसऱ्याशीं ताडून पाहात मूळ नादाच्या जवळ गेले. साक्षीदार जितके अधिक जिवंत राहतील तितका निवाडा खरा. म्हणून मुद्रण झालें कीं मूळ वाद्याची गरज सरली, असें मानणें चुकीचें आहे. छायाचित्र काढलें म्हणून कोणी आईस घराबाहेर काढीत नाहीं.

शिवाय हीं वाद्यें संग्रहालयांत ठेवण्यासाठीं केलेलीं नव्हतीं. परमगुरु दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संगीताची पाठीराखी संत सेसिलिया हिच्या सणीं, पवित्र संगीताविषयीं जें आज्ञापत्र काढलें त्यांत ऑर्गनानें गायनास आधार द्यावा, त्यावर कुरघोडी करूं नये, असें बजाविलें आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेंही ४ डिसेंबर १९६३ रोजीं प्रसिद्ध झालेल्या उपासनाविषयक घटनेंत नळ्यांच्या ऑर्गनास लॅटिन धर्मसभेंत मोठ्या सन्मानाचें स्थान दिलें आहे. कापेलचा, ल्यूबेकचा, ड्रेस्डेनचा ऑर्गन उपासनेंत वाजण्यासाठींच केलेला होता. न वाजणाऱ्या नळींत धूळ सांचते. भात्याचें कातडें वापराविना कडक होऊन फाटतें. बाजाची पेटी वर्षभर बंद ठेवून पाहिलेल्या कोणासही हें सांगावयास नको.

आतां आपल्याकडे वळून हा लेख संपवूं. आपल्या देवळांत श्निटगर वा झिल्बरमान यांचा ऑर्गन नाहीं, आणि त्याची खंत करण्याचें कारण नाहीं. परंतु आपल्यापाशीं जें आहे तें तरी आपण जपतों काय? गायकवृंदाची जुनी पेटी भाता फाटला म्हणून माळ्यावर पडते आणि मग भंगारवाल्याच्या गाडींत जाते. हातानें लिहिलेल्या भजनांच्या वह्या पावसाळ्यांत भिजतात. लग्नाच्या आदल्या दिवशीं ज्या म्हाताऱ्या आजीबाई गाणीं म्हणतात त्यांचीं गाणीं कोणत्याही पुस्तकांत नाहींत. त्या गेल्या कीं तीं गेलीं. वाल्खा यांच्या मुद्रणासाठीं एक मोठी कंपनी लागली. आज तेंच काम मुलांच्या खिशांतील लहानसें यंत्र करूं शकतें; उणीव आहे ती आस्थेची.

कापेलच्या शेतकऱ्यांनीं कांहीं थोर काम करावयाचें म्हणून तो ऑर्गन जपला नाहीं. देवळांत आहे तो आपला आहे, मोडला तर दुरुस्त करावा, एवढेंच ते जाणत होते. एवढ्यानेंच जगाचें एक मोठें धन वांचलें. आपल्या पुढील महोत्सवाच्या वेळीं जीं मुलें येथें जमतील त्यांस आजचें आपलें गायन ऐकावेंसें वाटलें, तर तें त्यांच्या कानीं पडेल अशी तजवीज या वर्षींच व्हावी, एवढी विनंती करून वाचकांची रजा घेतों.